आधी फवारा बघा

दिवाळी अंकात मी मिरिस्सावर दोन पानं लिहिली होती. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला जाऊन बोटीतून देवमासे पाहिले, एवढाच काय तो विषय. एरवी या सदराकडे जास्वंदीवरचा मावा आणि गच्चीवरची कबुतरं यांचे प्रश्न येतात. या खेपेला गठ्ठा आला तो सगळा समुद्राचा. पत्रं वाचून वाटलं, निम्मं नाशिक जानेवारीत श्रीलंकेला निघालंय.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. इथल्या एका ज्युनियर कॉलेजात मी 31 वर्षं जीवशास्त्र शिकवलं. देवमाशाचं वर्गीकरण दरवर्षी फळ्यावर लिहिलं, पण जिवंत देवमासा पाहिला तो निवृत्तीनंतर. आजवर चार सहली झाल्या. मिरिस्सा दोनदा, श्रीलंकेतलंच त्रिंकोमाली एकदा, आणि लेक न्यूझीलंडला असते म्हणून कायकोरा एकदा. एवढ्यावर कोणी तज्ज्ञ होत नाही. एक चूक तर मी वर्षभर लोकांना ठणकावून सांगत होते, ती खाली कबूल केली आहे.

मॅडम, आम्ही इंदिरानगरच्या आठ मैत्रिणी जानेवारीत मिरिस्साला जाणार आहोत. माझी नणंद मागच्या वर्षी जाऊन आली. ती म्हणते, बोटीवरचा मुलगा जे दिसेल त्याला 'ब्लू व्हेल, ब्लू व्हेल' म्हणून ओरडत होता. आमचं आम्हाला ओळखायचं तर कसं? पुस्तकातल्या चित्रांत सगळे सारखेच दिसतात.

पहिल्यांदा त्या मुलाची बाजू घेते. तो काही थापा मारत नाही. मिरिस्सासमोरच्या पाण्यात मोठ्या व्हेलपैकी सगळ्यात जास्त दिसतो तो ब्लू व्हेलच. दोन्द्रा टोकाजवळ समुद्राचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, म्हणून हे खोल पाण्याचं जनावर तिथे किनाऱ्याच्या इतकं जवळ येतं. जगातले बरेचसे ब्लू व्हेल खायला ध्रुवांकडच्या थंड पाण्यात आणि विणीला उबदार पाण्यात अशा येरझाऱ्या घालतात. श्रीलंकेकडचे मात्र उबदार पाण्यातच खाऊन-पिऊन राहतात. आशा डी व्होस या श्रीलंकेच्या संशोधक. 2003 मध्ये त्यांना समुद्रावर सहा ब्लू व्हेल एकत्र दिसले आणि पाण्यावर तरंगणारी लालभडक विष्ठा दिसली. जनावर इथेच जेवतंय, याचा आणखी काय पुरावा हवा? बाईंनी पुढे सगळं आयुष्य या व्हेलच्या अभ्यासात घातलं. प्रॅक्टिकलला नाकाला रुमाल लावणाऱ्या मुलींना मी ही गोष्ट हटकून सांगायचे.

तेव्हा त्या मुलाचा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच निघतो. पण त्यानं ओरडायचं आणि आपण मान डोलवायची, यात मजा नाही.

पुस्तकातलं चित्र विसरून जा. चित्रात नाकापासून शेपटीपर्यंत अख्खा व्हेल असतो. बोटीतून अख्खा व्हेल क्वचितच दिसतो. तो तुकड्या-तुकड्यानं दिसतो आणि तेही ठरलेल्या क्रमानं. आधी फवारा, मग पाठ, मग पाठीवरचा पर आणि नशीब जोरावर असेल तर शेपूट. नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूनं पक्षी पाहिले असतील तर ही सवय तुम्हाला आहेच. शेकाट्या लांबून कळतो तो लाल काटकुळ्या पायांवरून, हळदीकुंकू बदक चोचीवरून. तिथे अख्ख्या पक्ष्याचा पंचनामा कोण करतं?

फवारा म्हणजे पाणी नव्हे. व्हेल आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्याचं नाक डोक्यावर असतं. वर आल्या आल्या तो कोंडलेला श्वास जोरात सोडतो. त्यातली वाफ आणि नाकाभोवतीचं थोडं पाणी मिळून धुकं होतं. डिसेंबरात पहाटे रामकुंडावर बोलताना आपल्या तोंडातून निघतं तसंच, फक्त याचं तीन मजले उंच. प्रत्येक जातीचा फवारा वेगळा. दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदारांचं पत्र पुढे आहे. त्यांनी त्यात फवारणीची उपमा दिली आहे आणि ती इतकी चपखल आहे की मी तीच पुढे चालवते.

ब्लू व्हेलचा फवारा सरळ उभा आणि उंच, 9 मीटरपर्यंत जाणारा. शेतात पाइपलाइनचा जोड निखळला की पाणी जसं सरळ उसळतं, तसा. हंपबॅकचा बुटका आणि झुबकेदार, ट्रॅक्टरच्या ब्लोअरमधून निघणाऱ्या धुक्यासारखा. स्पर्म व्हेलचा तिरका. फवारणीची गन कोणी पुढे आणि डावीकडे कलती धरावी, अगदी तसा. कारण त्याचं नाकपुडीचं भोक एकच आणि ते डोक्याच्या पुढच्या टोकाला डाव्या अंगाला असतं. ब्लू व्हेल, हंपबॅक वगैरे जे बिनदाताचे, तोंडातल्या झालरीनं अन्न गाळून खाणारे व्हेल आहेत, त्यांना दोन भोकं असतात. पुढे कधी दक्षिण आफ्रिकेला हर्मानसला गेलात तर राइट व्हेलचा फवारा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला दिसेल. तिथे म्हणे बोटसुद्धा लागत नाही, किनाऱ्यावरच्या खडकावर बसून व्हेल दिसतात. आमचं अजून जाणं झालेलं नाही.

एक लक्षात ठेवा. वारा असला की फवाऱ्याचा आकार लगेच मोडतो. पहिल्या क्षणी दिसला तोच आकार खरा. नंतर सगळेच ढगासारखे दिसतात.

मग पाठ. ब्लू व्हेलची पाठ संपतच नाही. फवारा विरून जातो, तरी निळसर-राखाडी, ठिपक्या-डागांची पाठ सरकतेच आहे, सरकतेच आहे, आणि अगदी शेवटी, जवळजवळ शेपटीपाशी, एक एवढासा पर दिसतो. इतक्या मोठ्या जनावराला एवढासा पर! पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं. तिकडचे ब्लू व्हेल आकारानं जरा लहान प्रकारातले, 24 मीटरपर्यंतचे. तरी आपल्या सिटी बसच्या दुप्पट. स्पर्म व्हेलला नीट पर नसतोच. बुटकं उंचवट्यासारखं काहीतरी असतं आणि पुढे शेपटीकडे गाठी-गाठी. पण तो ओळखायला पराची गरज नाही. तो पाण्यावर ओंडक्यासारखा पडून राहतो आणि त्याची कातडी बेदाण्यासारखी सुरकुतलेली असते. नाशिककरांना बेदाणा काय सांगायचा!

शेपूट दिसली तर ती पर्वणी समजा. व्हेल खोल बुडी मारायला निघाला की शेपूट वर काढतो, पण सगळे काढत नाहीत. मिरिस्साचे ब्लू व्हेल बऱ्याचदा काढतात. स्पर्म व्हेल लांब बुडीच्या आधी जवळजवळ नेहमीच काढतो, रुंद त्रिकोणी शेपूट. हंपबॅकच्या शेपटीखाली काळ्या-पांढऱ्या खुणा असतात आणि आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. संशोधक तेवढ्या एका फोटोवरून अमुकच हंपबॅक म्हणून ओळखतात.

शेपूट गेली की लगेच कॅमेरा खाली घालू नका, घड्याळ बघा. ब्लू व्हेल साधारण 10 ते 15 मिनिटांत परत वर येतो. पाऊण तास झाला तरी पत्ता नाही, तर तो स्पर्म व्हेल असण्याची शक्यता वाढली. आणि तो गेला तिथल्या पाण्यावर एक गुळगुळीत गोल राहतो, तेल सांडल्यासारखा. आजूबाजूला लाटा आणि मध्ये तेवढी चकती शांत. शेपटीच्या झटक्यानं खालचं पाणी वर येऊन ती बनते. बोटीवरच्या साठ माणसांपैकी ती कोणीही पाहत नाही, कारण सगळे आपापल्या मोबाइलमध्ये शेपटीचा फोटो आला का ते पाहत असतात.

घड्याळावरून आठवलं. बोटीवर दिशा घड्याळाच्या काट्यावर सांगतात. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, डावा म्हणजे नऊ. पहिल्या सहलीत तो मुलगा ओरडला, 'टेन ओ क्लॉक!' आमच्या ह्यांनी शांतपणे मनगट वर केलं आणि म्हणाले, "छे, सव्वाआठच झालेत." तोवर व्हेल गेला. तुम्ही आठ जणी आहात, हॉटेलवरच एकदा तालीम करून घ्या.

दुर्बीण सातपटीची पुरते. दहापटीची हलत्या बोटीवर इतकी थरथरते की व्हेलऐवजी शेजारच्या काकांचा कान दिसतो. आणि वही ठेवा. वेळ, फवारा कसा, पर कुठे, शेपूट काढली का, किती मिनिटांनी परत आला, एवढे रकाने. माझ्या पहिल्या सहलीच्या पानावर सात नोंदी आहेत आणि त्यांतल्या तिनांपुढे 'ओळखला नाही' असं लिहिलं आहे. जास्त लिहायला हवं होतं, हे नंतर कळलं.

ताई, रामराम. एप्रिलमध्ये बाग खाली झाल्यावर मुलाबरोबर मिरिस्साला जाऊन आलो. एक व्हेल अगदी बोटीजवळ आला. त्याचा फवारा पाहून आपल्या ब्लोअरची आठवण झाली, पण धूर कमी. लांबी आमच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दुप्पट असेल. बोटवाला म्हणाला ब्लू व्हेलचं पिल्लू आहे. मुलाला पटत नाही. 40 सेकंदांचा व्हिडिओ पाठवतो आहे, निकाल द्या.

दादा, मुलगा जिंकला.

व्हिडिओ मी अकरा-बारा वेळा पाहिला, थांबवत थांबवत. फवारा पातळ आणि फार उंच नाही. त्याच्या मागोमाग लगेच पर दिसतो आणि तो पर चांगला उभा, मागे वळलेला, विळ्यासारखा आहे. ब्लू व्हेलचा पर असा कधीच नसतो, पिल्लाचासुद्धा नाही. शेपूट न काढताच तो खाली जातो आणि पुन्हा वर येतो तो भलत्याच दिशेला. तुमचा मुलगा "अरे इकडे, इकडे!" म्हणतो तेव्हा कॅमेरा हलला आहे, पण त्याच वेळी व्हेलचं डोकं बोटीकडे वळतं. तिथे थांबवून बघा. डोक्यावर नाकपुड्यांपासून तोंडाच्या टोकाकडे तीन कंगोरे जाताना दिसतील, एक मधला आणि दोन बाजूंचे. ब्लू व्हेलला मधला एकच असतो. तीन कंगोरे म्हणजे ब्रूडस व्हेल. इंग्रजी स्पेलिंग वाचून लोक 'ब्रायडस' म्हणतात, पण ते योहान ब्रूडे नावाच्या नॉर्वेजियन माणसावरून पडलेलं नाव आहे. या गृहस्थानं दक्षिण आफ्रिकेत व्हेल मारण्याचा कारखाना उभारायला हातभार लावला, आणि नाव मिळालं ते व्हेललाच. काय म्हणावं!

तुमचा लांबीचा अंदाजही बरोबर बसतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दुप्पट म्हणजे 13-14 मीटर, ब्रूडसचं पुरतं वाढलेलं माप. ब्लू व्हेलचं पिल्लू जन्मतःच 7 मीटरचं असतं खरं, पण दूध पितं आहे तोवर ते आईला सोडत नाही. तुमच्या व्हिडिओत आई कुठेच नाही.

आता माझी चूक. 2017 च्या फेब्रुवारीत मिरिस्साला मी असाच विळ्याच्या पराचा व्हेल पाहिला आणि वहीत ठळक अक्षरांत 'फिन व्हेल' लिहिलं. फिन व्हेल हा ब्लू व्हेलच्या खालोखाल मोठा. नाशिकला आल्यावर भिशीत सांगितलं, जुन्या विद्यार्थ्यांना सांगितलं, एका शाळेत बोलावलं होतं तिथे स्लाइडवर दाखवलं. वर्षभरानं त्याच शाळेतल्या शिक्षकांनी विचारलं, "मॅडम, फिन व्हेलचा उजवा जबडा पांढरा असतो ना? यात तर दिसत नाही." फिन व्हेलची ही गंमत आहेच. खालचा जबडा उजवीकडून पांढरा आणि डावीकडून काळा, असा दुरंगी. माझ्या फोटोत डावी बाजू होती. मी मनाशी म्हटलं होतं, डावी काळी आहे म्हणजे फिनच! डावी बाजू काळी तर बहुतेकांची असते. मूळ फोटो काढून मोठा केला तेव्हा ओल्या डोक्यावर तीन कंगोरे चमकत होते. मला मोठा व्हेल हवा होता म्हणून मी तो मोठा करून टाकला. त्या शाळेत जाऊन स्लाइड बदलून आले. वहीतलं 'फिन व्हेल' खोडलं नाही, शेजारी लाल शाईनं 'ब्रूडस' लिहिलं. पेपर तपासायची सवय, दुसरं काय.

बाई, आपल्या कोकणाला एवढा मोठा समुद्रकिनारा आहे. मग व्हेल पाहायला परदेशी कशाला जायचं? की आपल्याकडे नसतातच? — पंचवटीतून एक निवृत्त वाचक

असतात, पण आपल्या वाट्याला येत नाहीत. श्रीलंकेच्या दक्षिणेला तळ जसा पटकन खोल जातो, तसा आपला जात नाही. मुंबईसमोर उथळ समुद्राचा पट्टा 200 किलोमीटरहून जास्त रुंद आहे. मोठ्या व्हेलना हवं ते खोल पाणी त्याच्याही पलीकडे. सकाळी बोटीत बसून दुपारी जेवायला परत यायचं, अशी सहल तिकडे होणं नाही. हर्णै, दाभोळ, तारकर्लीला बोटीतून दाखवतात ते डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेले, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारे. ते जरूर बघा. फक्त नाववाल्याला त्यांच्या मागे इंजिन पळवायला लावू नका.

भारताच्या समुद्रात व्हेल, डॉल्फिन आणि त्यांचे भाऊबंद धरून 30 च्या आसपास जाती आहेत. पण मोठे व्हेल आपल्याला कळतात ते बहुधा किनाऱ्याला लागल्यावर. 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याला एक भला थोरला व्हेल वाळूत रुतला आणि तिथेच गेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू अडकलं होतं. लोकांनी दिवस-रात्र खपून त्याला परत समुद्रात नेलं, तरी ते जगलं नाही. तुम्ही कोकणात असताना असं काही दिसलं तर वनविभागाला 1926 या नंबरवर कळवा. कातडी ओली ठेवा, पण डोक्यावरच्या नाकात पाणी जाऊ देऊ नका. आणि कोणालाही शेपटीला दोर बांधून ओढू देऊ नका.

आपल्या अरबी समुद्रातल्या हंपबॅकची गोष्ट तर कोणाला फारशी ठाऊकच नाही. जगातले बाकीचे हंपबॅक हजारो किलोमीटर स्थलांतर करतात. अरबी समुद्रातले मात्र वर्षभर इथेच राहतात. त्यांचे जनुक तपासले तेव्हा दिसलं की दक्षिणेकडच्या हंपबॅकपासून ते सुमारे 70,000 वर्षांपूर्वी वेगळे झालेत. आता ओमानच्या बाजूला शंभराच्याही आत उरले असावेत असा अंदाज आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या पाण्यात त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं आहे. तुम्हाला कधी बोटीवरून पाठीपेक्षा पांढुरके, लांबच लांब, वल्ह्यासारखे हात हवेत उडताना दिसले, अंगाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके लांब, तर तो हंपबॅक. तारीख-वेळ लिहून मला लगेच फोन करा, मध्यरात्री केलात तरी चालेल.

तुम्ही पत्राच्या शेवटी 'व्हेलची उलटी' म्हणून कोटींना विकतात ते काय, असंही विचारलंय. ते अंबरग्रीस. ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं, म्हणजे उलटी हे नावही तसं चुकीचंच. माकूळ खाताना त्यांच्या टणक चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती हा मेणासारखा गोळा बनतो. स्पर्म व्हेल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्यामुळे तो गोळा विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं सगळं गुन्हा. कोणी व्हॉट्सअॅपवर भाव विचारला तर नंबर ब्लॉक करा.

आम्हाला बुकिंग करताना 'शंभर टक्के व्हेल दिसणार' असं सांगितलं होतं. सहा तास समुद्रावर घालवले, दिसले फक्त डॉल्फिन. पैसे मागितले तर हात वर केले. तक्रार कुठे करायची? — सातपूर

पावतीवर तसं छापलं असेल तर ग्राहक आयोगाकडे (पूर्वीचा ग्राहक मंच) जा. तोंडी आश्वासनाचं काही होणार नाही. त्रिंकोमालीला ऑगस्टमध्ये आम्हालाही एक दिवस कोरडा गेला. समुद्रात काय दिसेल याची हमी देणाऱ्या माणसाकडून मी तिकीट काढत नाही. व्हेल न दिसल्यास दुसरी फेरी फुकट किंवा पैसे परत, असं लेखी देणारे असतात. कायकोऱ्याला मी गेले त्या बोटीचा नियम 80 टक्के परत असा होता. तिथे त्यांना परवडतंही. किनाऱ्याजवळच खोल दरी आहे आणि स्पर्म व्हेल वर्षभर तिथे असतात, बहुतेक नरच, कारण माद्या आणि पिल्लं उबदार पाणी सोडत नाहीत. कप्तान पाण्यात माइक सोडून त्यांची टकटक ऐकतो. त्यानं मलाही कानाला लावायला दिला. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक असते ना, तशी एका लयीत चालली होती आणि एकदम थांबली. कप्तान म्हणाला, आता वर येतोय. आला!

हंगाम मात्र तपासून घ्या. मिरिस्सा नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात तो समुद्र खवळतो, तेव्हा पूर्वेकडच्या त्रिंकोमालीला जायचं. जूनमध्ये मिरिस्साचं स्वस्त पॅकेज कोणी देत असेल तर ते स्वस्त का आहे ते समजून घ्या.

आणि फक्त डॉल्फिन काय म्हणता? तुम्ही लिहिलंय की ते हवेत उडी मारून भोवऱ्यासारखे फिरत होते. ते स्पिनर डॉल्फिन. माझ्या दोन्ही मिरिस्सा वाऱ्यांत ते दुरूनच दिसले, तुमच्या फोटोत तर बोटीला खेटून आहेत.

बोट लागते. काय करू? — एक वाचक, कॉलेज रोड

अॅव्होमिनसारखी गोळी बोटीत चढण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नको. पहाटे बोटीवर देतात ते ऑम्लेट-ब्रेड आल्यावर खा. आमचे हे आलेपाकाची आख्खी वडी तोंडात धरून बसतात आणि तरीही... असो. एक सूचना: व्हेल वाऱ्याच्या बाजूला असेल आणि फवारा तुमच्याकडे आला, तर कुजलेल्या मासळीचा भपकारा येतो. गोळी घेतलेली असली तरी तेव्हा नाक दाबा.

मी सहावीत आहे. देवमासा मासा नाही, मग त्याच्या नावात मासा का? आणि व्हेल शार्क हा व्हेल आहे की शार्क? आणि व्हेल झोपतो का? — देवळाली कॅम्प

बाळा, नाव ठेवणाऱ्यांनी पाण्यात पोहतो एवढंच पाहिलं आणि मासा म्हटलं. तू त्यांच्यापेक्षा हुशार हो आणि शेपूट बघ. माशाची शेपूट उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. व्हेलची आडवी असते आणि वर-खाली हलते, कारण त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालायचे. कुत्रा पळताना त्याची पाठ कशी वर-खाली वाकते ते बघ, व्हेल अजून तसाच पोहतो. व्हेल शार्क हा शार्क आहे, म्हणजे मासा. त्याची शेपूट उभी, त्याला कल्ले आहेत, अंगावर पांढरे ठिपके आहेत आणि श्वास घ्यायला त्याला वर यावं लागत नाही. व्हेलसारखा मोठा आणि तोंड उघडून पाणी गाळून खातो, म्हणून नावात व्हेल. आणि ओर्का, ज्याला किलर व्हेल म्हणतात, तो खरं तर डॉल्फिनच्या घराण्यातला आहे. म्हणजे एकाच्या नावात मासा, एकाच्या नावात व्हेल आणि एकाच्या नावात किलर, सगळ्यांचीच गफलत.

झोपतो ना! स्पर्म व्हेल तर पाण्यात उभा राहून झोपतो, डोकं वर, शेपूट खाली, चार-पाच जण शेजारी शेजारी, खांब रोवल्यासारखे. एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच. माझ्या बारावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता, त्यालाही हे जमायचं.